कोठारातील दारूचे आयुष्य

कुंडल म्हटले की प्रतिसरकार, तुफान सेना आणि जी. डी. बापू लाड ही नावे आपोआप ओठांवर येतात. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, ती कथा या गावातील पोरासोरांनाही पाठ आहे. बंदुकांचे पोवाडे पुष्कळ झाले. पण बंदुकीत जी दारू जाते ती किती दिवस टिकते, कशी ठेवावी लागते आणि न टिकली तर कोणाच्या अंगावर येते, याचा इतिहास कोणी सांगत नाही. आज आम्ही तोच सांगणार आहोत. (प्रतिसरकारने प्यायच्या दारूविरुद्धही मोहीम चालविली होती. तिच्याशी या दारूची गल्लत नको.)

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिचा शत्रू एकच, ओल. कोरडी ठेवली तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दमट झाली की सोरा पाझरतो, मिश्रण विसकटते आणि मग ती वाळवली तरी पूर्वीचा जोर येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, गडावरील दारूखान्याचा बंदोबस्त सांगितला आहे. कोठार वस्तीपासून अलग असावे, तळघराला गच्ची करून माचावर दारूची मडकी ठेवावीत, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने माल बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मोहर करावी. कोठार वस्तीजवळ असले की काय होते हे सिंहगडाने पाहिले. 11 सप्टेंबर 1751 रोजी तेथील दारूकोठारावर वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचे घर माणसांसकट गेले.

पण अमात्यांचा हा शहाणपणा पुढच्या दारूला लागू पडला नाही, उलट घातक ठरला असता. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू केली. कापसासारख्या तंतूवर नत्राम्लाची क्रिया करून ती तयार होते. काळी दारू स्वस्थ बसते. ही मात्र डब्यात पडल्या पडल्या कणाकणाने विघटत असते. त्यातून निघणारे नत्राचे वायू विघटनाला आणखी चेव आणतात. म्हणून तिच्यात डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक घालतात. ते हे वायू शोषून घेते, पण स्वतः खर्ची पडते. ते संपले की दारूचे आयुष्य संपले. मोठा साठा असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि कोणी काडी न लावता तो पेटतो. 25 सप्टेंबर 1911 रोजी तूलाँ बंदरात ‘लिबेर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका अशाच दारूने फुटली. सुमारे तीनशे माणसे मेली.

तेव्हा जिला अमात्यांचा हवालदार ऊन देई, तिची ही धाकटी बहीण उन्हापासूनच जपायची. उष्णता दहा अंशांनी वाढली की विघटनाचा वेग दुपटीने वा त्याहून अधिक वाढतो. आपल्याकडील वैशाखात पत्र्याखाली ठेवलेला डबा म्हणजे काय, हे श्रोत्यांनीच ताडावे. थंड, कोरडी जागा, मूळचा डबा, तयार केल्याचे साल लिहिलेली चिठ्ठी, आणि वेळोवेळी तपासणी. डबा उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, तांबूस धूर दिसला, धातूवर गंज चढला, तर ती दारू मेली नाही, बिघडली आहे. मेलेली असती तर बरे होते.

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर त्या धामधुमीतले काडतूस निघाले, तर ते स्मृतिचिन्ह म्हणून घासूनपुसून कपाटात ठेवू नये. एका काडतुसातली दारू आपोआप पेटण्याचा संभव कमीच. पण टोपीवर आघात झाला तर ते उडू शकते, आणि गावठी बाँबची तर काहीच शाश्वती नाही. हात न लावता पोलिसांना कळवावे.

आता जे सांगतो त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. जुना दारूगोळा नष्ट करावा लागतो, आणि त्याच्या पेट्या कोणीतरी उचलाव्या लागतात. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले, ठेकेदाराकडे रोजावर लागलेले मजूर होते. अमात्यांच्या व्यवस्थेत कोठाराला हवालदार नेमलेला असे, आणि माल बाहेर काढताना तो स्वतः समोर उभा असे. आम्ही संघटनेत काम करणारी माणसे एवढेच विचारतो की, रोजावरच्या मजुराला पेटी उचलण्यापूर्वी आत काय आहे आणि ते किती जुने आहे, हे त्याच्या भाषेत कोणी सांगते काय?