आधी कोण?

पाचवीच्या वर्गात आम्ही 'कंचेभागुबेव' घोकून घेत असू. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. एकदा एका मुलीने ३ × ४ + ५ × ६ सोडवताना आधी ५ × ६ केलं. उत्तर ४२, अगदी बरोबर. पण "क्रम चुकला" म्हणून मी अर्धा गुण कापला. ती काही बोलली नाही.

परवा ते आठवलं. नातू इंजिनीअरिंगला आहे. म्हणाला, "आजी, कोणते आकडे गुणाकाराचे आणि कोणते बेरजेचे, एवढंच तो नियम सांगतो. हात आधी कशाला लावायचा, हे नाही सांगत." मला पटेना. मग थोडं त्याने सांगितलं, थोडं मी वाचलं.

१९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा आणली. यंत्राला अग्रक्रम कळावा म्हणून त्यांनी युक्ती केली. बेरजेच्या चिन्हाभोवती जास्त कंस घालायचे, गुणाकाराभोवती कमी. क + ख × ग चं होतं ((क))+((ख)×(ग)). म्हणजे अग्रक्रम म्हणजे न लिहिलेले कंसच की!

आता क, ख, ग हे आकडे नसून कामं आहेत, आणि प्रत्येक काम पडद्यावर आपलं नाव उमटवतं, असं समजा. आधी कोणतं नाव उमटेल? डेनिस रिची यांच्या सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण नियमांत हे कंपायलरच्या सोयीवर सोडलं आहे. ग आधी आला तरी चूक नाही. १९९५ साली आलेल्या जावाने मात्र डावीकडून उजवीकडे असं ठरवून टाकलं. गुणाकार 'मोठा' असूनही तिथे पहिला मान क चा! सी++ ने २०१७ साली काही ठिकाणी क्रम बांधून दिला, पण साध्या बेरीज-गुणाकाराला तेव्हाही मोकळंच ठेवलं.

आपल्या स्वयंपाकासारखंच हे. फोडणी वरणाची, भाताची नव्हे, हे ठरलेलं. पण कुकर आधी लावायचा की लसूण आधी सोलायचा, हे ज्याच्या त्याच्या सोयीने.

ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. तिचा क्रम चुकला नव्हता, माझा नियम अर्धवट होता. तो अर्धा गुण आता देता येत नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवते.

तुमच्यापैकी कोणी असा गुण कापला आहे का?