शेपटीवर बसणारी विमानं

विमान उडवण्यापेक्षा उतरवणं कठीण, हे आपण सगळे ऐकून असतो. पण १९४० च्या आधीच्या छोट्या विमानांची खरी गंमत चाकं जमिनीला टेकल्यावर सुरू व्हायची! धावता धावता विमान जरासं तिरकं व्हायचं, वैमानिकाने पायाने रडर दाबायला क्षणभर उशीर केला की गर्रकन स्वतःभोवती फिरायचं. पंख जमिनीला घासायचा, चाकाचा दांडा मोडायचा. याचं नाव ग्राउंड लूप.

कारण साधं आहे. दोन मोठी चाकं पुढे आणि शेपटीखाली एक छोटंसं. म्हणजे गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे. विमान तिरकं झालं की चाकं अडतात, पण मागचं वजन सरळ पुढे जायला बघतं आणि तिरकेपणा आणखी वाढतो. घाटात ब्रेक लागल्यावर ट्रेलर आडवा होतो ना, तसंच काहीसं.

मग अशी विमानं बनवली कशाला? तेव्हा धावपट्ट्या नव्हत्या, मोकळी कुरणं होती. नाक वर असलं की पंखा खडबडीत जमिनीपासून लांब राहायचा. आणि कुरणात वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरता यायचं. पक्क्या धावपट्ट्या आल्या, दिशा ठरली आणि आडव्या वाऱ्याने छळायला सुरुवात केली.

ग्राउंड लूप झाला की चूक कोणाची? अर्थात वैमानिकाची. आपल्या भाषेत, 'यूजर एरर' लिहून तिकीट क्लोज!

फ्रेड वाइक या इंजिनियरला हे पटलं नाही. अमेरिकेत लँगलीच्या सरकारी संशोधन केंद्रात नोकरी करता करता त्याने आणि सहकाऱ्यांनी फावल्या वेळात, स्वतःच एक विमान बांधलं. १९३४ चं डब्ल्यू-१. (वीकेंड प्रोजेक्ट असावा तर असा.) तिसरं चाक नाकाखाली, मोठी चाकं गुरुत्वमध्याच्या मागे. कल्पना नवी नव्हती, ग्लेन कर्टिसच्या सुरुवातीच्या विमानांनाही पुढे चाक होतं. पण वाइकने ती शेवटपर्यंत नेली. १९३७ मध्ये उडालेल्या त्याच्या एरकूपला रडरचे पेडलच नव्हते! तिरकं टेकलं तरी ते आपोआप सरळ व्हायचं.

जुन्या खोडांनी नाकं मुरडली. पण १९५० च्या दशकात सेसनाने आपल्या १७० ला नाकाखाली चाक देऊन १७२ काढलं आणि आजवर अशी ४४ हजारांहून जास्त विमानं बनली.

प्रश्न कायमचा सुटला का? नाही. वेगात नाकाच्या चाकावर भार देऊन उतरलं की मागची चाकं हलकी होतात आणि सगळं वजन पुन्हा टेकलेल्या चाकाच्या मागे! म्हणजे तोच जुना बग. आडव्या वाऱ्यात पायांचं काम आजही शिकावंच लागतं.

पण एक फरक पडलाच. पूर्वी जरा गाफील राहिलं की विमान फिरायचं, आता जरा गाफील राहिलं तर विमानच सांभाळून घेतं. 'यूजरला ट्रेनिंग द्या' म्हणण्याआधी वाइकची आठवण काढायला हरकत नाही.