चौकशी, स्थळ आणि साक्षगंध : मराठी लग्नातील रहस्यकथा

मराठीत 'चौकशी' हा एकच शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने वापरला जातो. फौजदार करतो ती चौकशी आणि उपवर मुलीचा बाप करतो तीही चौकशीच. 'स्थळ' गुन्ह्याचे असते, तसेच मुलीला सांगून आलेलेही असते. पुण्या-मुंबईकडे ज्या विधीला साखरपुडा म्हणतात, त्याला आमच्या विदर्भात 'साक्षगंध' म्हणतात, म्हणजे साक्षही आलीच. भाषेने केलेली ही थट्टा योगायोगाची मानून सोडून देता येईल. पण आमच्या मते तिच्यात मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा आहे. त्याचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू.

इंग्रजी वाचकांना परिचित असलेला एक रहस्यकथाप्रकार असा : गाव लहान, माणसे ओळखीची, रक्तपात शक्यतो पडद्याआड, शोध घेणारी व्यक्ती हौशी, आणि उलगडा होताना भीतीपेक्षा गंमत अधिक. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही या प्रकाराची आद्य आजीबाई. 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' या १९३० सालच्या कादंबरीत ती प्रथम कादंबरीची नायिका झाली. तिच्याजवळ ना भिंग, ना पिस्तूल. गावातल्या माणसांच्या खोडी तिला ठाऊक असतात, हेच तिचे शास्त्र. मराठी रहस्यकथेचा विचार करताना आपण बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारपासून सुरुवात करतो, आणि मग असा घरगुती, हसरा, हौशी शोधक मराठीत फारसा नाही म्हणून हळहळतो. पण आपण त्याला चुकीच्या कपाटात शोधत आहोत. तो रहस्यकथांच्या कपाटात नाही, नाटकांच्या आणि विनोदी लेखांच्या कपाटात आहे. त्याच्यापुढचा गुन्हाही खुनाचा नाही, लग्न जमवताना झालेल्या लबाडीचा आहे.

हे नैसर्गिकही आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात वाचकाने खून पाहिलेला नसतो, परंतु फसवून जमवलेले लग्न त्याच्या नात्यात कुठे ना कुठे असतेच. मुलाचे वय दोन-चार वर्षांनी चोरलेले, नोकरी कायम म्हणून सांगितलेली, पत्रिका 'जुळवून' घेतलेली, आजार झाकलेला. सोयरीक जमवणारा मध्यस्थ हा या व्यवहारातील सर्वाधिक माहितगार आणि म्हणूनच सर्वाधिक संशयास्पद इसम. आणि त्याच्या माहितीची पडताळणी करणारे आत्या, मावशी, मामा, ही आपली मिस मार्पलची बिनपगारी फौज.

या दृष्टीने पहिले नाव येते ते गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'चे. देवलांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र कथानकाचे हे एकच. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ साली रंगभूमीवर आणले. जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक म्हणून आपण ते वर्गात शिकतो आणि शिकवतो. संमतिवयाच्या कायद्याचे वादळ १८९१ साली उठून गेले होते, त्यामुळे विषय तापलेलाच होता. पण क्षणभर सुधारणेचा चष्मा बाजूला ठेवून नुसती गोष्ट पाहावी. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीच्या घरातला धनिक. त्याला लग्न करायचे आहे. कांचनभट हा मुलीचा बाप. त्याला पैसा हवा आहे. दोघांना जोडणारा भद्रेश्वर दीक्षित हा धंदेवाईक मध्यस्थ. आणि या व्यवहाराच्या आड येणारा कोदंड हा तरुण. उलगडा होतो तो ऐन लग्नमंडपात. वर आणि वधू सगोत्र आहेत ही गोष्ट कोदंड उघड करतो आणि लग्न थांबते. पुढे बोहल्यावरून परतलेल्या मुलीचे काय, हा प्रश्न उभा राहतो. शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिचा मार्ग मोकळा होतो.

या शेवटावर समीक्षकांनी पुष्कळ टीका केली आहे. सामाजिक प्रश्न गोत्राच्या योगायोगाने सोडवला, म्हणजे तो सोडवलाच नाही, हा आक्षेप विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही वर्षानुवर्षे येतो. आक्षेप खरा आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देवलांना आपला प्रेक्षक नीट ठाऊक होता. सुधारकाचे व्याख्यान ऐकून भुजंगनाथाला उपरती झाली, कांचनभटाचा लोभ विरघळला, असे दाखवले असते तर प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या असत्या आणि विश्वास मात्र ठेवला नसता. हे नाटक थांबते ते उपदेशाने नव्हे, पुराव्याने. विरोधकाच्याच धर्मशास्त्रातला, त्याला नाकारता न येणारा पुरावा त्याच्यापुढे ठेवायचा, ही कोदंडाची चाल शुद्ध हेराची आहे. गुन्हेगाराचे मन बदलणे हे हेराचे काम नसतेच.

मात्र याच ठिकाणी अंगावर काटाही येतो. गोत्रे वेगळी असती तर? तर मंडपातल्या सर्व माणसांच्या दृष्टीने ते लग्न निर्दोष होते. वधूचे वय, वराचे वय, तिची नकारार्थी मान, यांतले काहीही पुरावा म्हणून दाखल होऊ शकत नव्हते. शारदेचे दुःख तिच्या मैत्रिणीपाशी, आईपाशी व्यक्त होते. त्या दुःखाला साक्षीचा दर्जा नाही. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४, मुलाचे १८ ठरले. तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावांच्या साधर्म्यामुळे तो 'शारदा कायदा' होऊन बसला आणि देवलांच्या नायिकेशी त्याचा संबंध जोडला जाऊ लागला. इतिहास म्हणून हे चूक, पण लोकांच्या मनाने केलेली ही चूक मोठी अर्थपूर्ण आहे. आणखी एक विरोधाभास असा की, १९४६ च्या कायद्याने हिंदूंच्या सगोत्र विवाहावरील अडथळाच काढून टाकला. म्हणजे ज्या एका पुराव्यावर शारदा वाचली, तो ४७ वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने पुरावाच उरला नाही. तोवर वयाला मात्र कायद्यात जागा मिळाली होती.

देवलांनी या हौशी शोधकाची दुसरी, उलटी बाजूही दाखवली. 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत रूपात आले. त्याचे मूळ गद्य रूप १८९३ चे. त्याची वंशावळ आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी सुखात्मिकेतून मोलिएरपर्यंत पोचते. पण फाल्गुनराव हा आपल्या वाड्यात जन्मल्यासारखा वाटतो. त्याला धागा सापडतो, वस्तू सापडते, म्हणजे एक तसबीर, आणि त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो तो साफ चुकीचा असतो. पत्नी कृत्तिकाही त्याच पद्धतीने, तितक्याच चोख तर्काने, तितक्याच चुकीच्या निष्कर्षाला पोचते. कोदंडाजवळ पुरावा होता आणि संशय खरा होता. फाल्गुनरावाजवळही पुरावा आहे, पण त्याचा संशय आधी जन्मला आणि पुरावा मागून आला. फाल्गुन, अश्विन, कृत्तिका, रेवती, भादव्या ही पात्रांची नावे पाहा. ज्या महिन्यांचे आणि नक्षत्रांचे दाखले काढून आपण लग्ने जमवतो, तीच मंडळी माणसे होऊन एकमेकांवर संशय घेत फिरतात. पत्रिका जुळूनही संसार का बिनसतो, याचे याहून गमतीदार उत्तर मराठीत आम्हाला आढळलेले नाही.

रंगभूमीवरून ही चौकशी विनोदी लेखात उतरली आणि तिथे तिला वैदर्भीय वळण लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात जन्मलेले आणि वऱ्हाडात वकिली केलेले. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्या या वकिलाच्या नाटकांत वेषांतरे, गुपिते आणि गैरसमज यांची रेलचेल आहे, आणि त्यांच्या १९१४ च्या एका नाटकाचे नावच 'वधूपरीक्षा' आहे. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने लिहिलेल्या लेखांत ही परंपरा अगदी हास्याच्या कळसाला नेली. ठकीचे लग्न जमवण्यासाठी मित्रमंडळी वरसंशोधनाची मोहीम काढतात, आणि 'संशोधन' व 'मोहीम' हे भारदस्त शब्दच विनोदाचे इंधन होतात. इथे शोधकच हास्यास्पद आहेत. त्यांची पद्धत जितकी शास्त्रशुद्ध, तितका घोटाळा मोठा. गडकरी १९१९ साली नागपूर जिल्ह्यातील सावनेरला वारले. त्यांचे हे लेख आजही हसवतात, पण आजच्या वर्गात वाचताना एका ठिकाणी हसू अडते. हा सारा खटाटोप जिच्यासाठी, ती ठकी विनोदाचा विषय आहे, आणि तिचे रूप हे त्या विनोदाचे भांडवल आहे. शारदेला निदान अश्रू होते. ठकीला तेही नाहीत.

या मालिकेतला निर्णायक टप्पा म्हणजे आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच'. ऑक्टोबर १९६२ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे, प्रमुख भूमिकेत प्रभाकर पणशीकर, आणि फिरता रंगमंच. नाटक कल्पनेतून आलेले नव्हते. वेगवेगळ्या नावांनी लग्ने करून कुटुंबांना लुबाडणाऱ्या माधव काझीवरील खटल्याचा त्याला आधार होता. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन परांजपे, कधी राधेश्याम महाराज अशा रूपांत तोच पुनःपुन्हा समोर येतो. आरोपी स्वतःच उलटतपासणी घेतो आणि प्रेक्षक हसतो. त्या हसण्याची थोडी शरम वाटावी, इतकी त्यामागची फसवणूक क्रूर आहे.

या नाटकाचा इथे महत्त्वाचा असलेला विशेष असा की, फसलेल्या कुटुंबांनी चौकशी केलीच नव्हती असे नाही. पण चौकशीची उत्तरेही ठकानेच तयार ठेवलेली होती. जात, गाव, हुद्दा, घराणे हे चार शब्द बरोबर उच्चारले की मराठी घराचे दार उघडते, हे त्याने ओळखले होते. म्हणजे लबाडी एका माणसाची असली, तरी कुलूप आपण सर्वांनी मिळून घडवलेले होते आणि त्याची किल्ली सर्वांना ठाऊक होती. कोदंडाच्या काळी गोत्राने मुलगी वाचवली. लखोबाच्या काळी तसल्याच खुणांनी तिला बुडवले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल आणि शिक्षापात्र ठरवले होते. पण पहिले लग्न झाले आहे हे सिद्ध कोणी करायचे? नाटकाचे उत्तर स्पष्ट आहे : त्या स्त्रियांनी. फसवली गेलेली स्त्री न्यायालयात उभी राहते आणि बोट दाखवते. १८९९ च्या मंडपात जिच्या शब्दाला मोल नव्हते, ती १९६२ च्या रंगमंचावर साक्षीदार झाली. हौशी शोधकाची जागा तिने घेतली. आमच्या मते या परंपरेचा खरा इतिहास तो हाच.

हा लेख आम्ही भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरातून लिहीत आहोत, आणि ते केवळ ठिकाण म्हणून सांगत नाही. 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ साली, येथे आयुधनिर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती ही वसाहत. अशा कारखान्याच्या वसाहतीत माणसे नाना प्रांतांतून येतात. शेजारी आपला असतो, पण त्याची आजी कोण, हे इथे कुणाला ठाऊक नसते. भोवतालच्या खेड्यांत चौकशीसाठी तीन पिढ्यांची स्मरणशक्ती उपलब्ध असते. वसाहतीत क्वार्टरचा नंबर आणि हुद्दा यांवर भागवावे लागते. लखोबाला हवी तशी जमीन ती हीच. पण याच जमिनीत दुसरेही काही उगवू शकते. जिथे घराण्याचा दाखला मिळत नाही, तिथे माणसाचाच दाखला घ्यावा लागतो : तो बोलतो कसा, शेजाऱ्याच्या अडचणीला धावतो का, घरात आवाज कुणाचा ऐकू येतो.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. ठकवणारा उघडा पडतो तेव्हा मंडपात जी शिट्टी आणि जो हशा उसळतो, त्यात देवलांच्या आणि अत्र्यांच्या प्रेक्षकाचा नातेवाईक आम्हाला दिसतो. तो हशा केवळ गंमतीचा नसतो. समोर बसलेल्या बाईमाणसाने आपल्या घरातले एखादे लग्न आठवलेले असते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच. 'शारदा' वाचताना गोत्राच्या उलगड्यावर हसू नका, आणि 'तो मी नव्हेच' पाहताना फक्त लखोबाला दाद देऊ नका. प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारा : या चौकशीत मुलीला कुणी काही विचारले का? आमच्याकडच्या साक्षगंधात गंध लावताना साक्ष कुणाची घेतली जाते, हा प्रश्नही त्याच ओळीतला आहे. पुढच्या मोसमात असा एखादा समारंभ जवळून पाहण्याचा योग आला, तर जेवणाच्या पंगतीआधी तो जरूर विचारावा. उत्तर देताना कोण बोलते आणि कोण गप्प बसते, याची नोंद मात्र ठेवावी.