पाव्याच्या पायथ्याचा शिंदेशाही मुलूख

वाघोडियाच्या शिवारातून आभाळ स्वच्छ असताना ईशान्येस पाहिले की पावागढ दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा ज्वालामुखीजन्य डोंगर सपाट मुलखात एकाएकी उभा राहिला आहे. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरातली, आणि बडोद्याची तहान भागविण्यासाठी सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला आजव्याचा तलाव आपल्याच तालुक्यातला. तरीही आपल्या जुन्या घराण्यांना पावागढ ठाऊक आहे तो कालिकामातेच्या दर्शनापुरता, याचे नवल वाटते.

महंमद बेगड्याने १४८४ मध्ये खीची चौहानांकडून हा गड घेतला व पायथ्याच्या चांपानेरास राजधानी केले. १५३५ मध्ये हुमायूनने ते जिंकले आणि पुढे नगर रानात बुडाले. म. स. विद्यापीठाच्या प्रा. र. ना. मेहता यांच्या उत्खननाने ते पुन्हा उजेडात आले. २००४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सर्व मार्गदर्शक पुस्तिकांतून सापडते. सापडत नाही तो मधला मराठी काळ.

वाघोडिया गायकवाडी, पण थोडे पुढे गेले की हालोल शिंद्यांचे. गोधरा, कालोल, हालोल, दाहोद व झालोद हे पाच महाल म्हणजेच ‘पंचमहाल’. एका गाडीवाटेवर दोन मराठी दौलतींची सीमा होती! सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी पावागढ घेतला, पण त्याच वर्षाअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो व दाहोद शिंद्यांना परत मिळाले. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये झाशीकडील मुलखाच्या बदल्यात पंचमहाल कायमचा सुटला. वस्तुतः ग्वाल्हेरहून एवढ्या दूरचा, डोंगराळ, कमी वसुलीचा मुलूख सांभाळणे शिंद्यांना जडच होते. महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला तरी त्यांचा हा सौदा अव्यवहारी वाटत नाही.

या डोंगरपट्ट्यातले राठवा व नायक लोक मात्र राज्ये बदलली तरी जागच्या जागी राहिले. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले वेचायची, पुढे त्याच झाडाच्या बियांचे, डोळीचे, तेल काढायचे, हा क्रम जुनाच. त्यांची मक्याची भाकरी आपण प्राचीन समजतो. पण मका मूळचा अमेरिकेतला. स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांनी तो जगभर नेला. म्हणजे बेगड्याचे सैनिक गडाला वेढा देऊन बसले होते, तेव्हा या शिवारात मक्याचे एकही कणीस नव्हते. त्याच मक्याचे पीठ झाडाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजलेले पानिये पाहिले की आपल्या घरची पानगी आठवते. तांदळाच्या जागी मका, केळीच्या पानाच्या जागी रानातले पान, एवढाच फरक. आपल्या स्वयंपाकघरांत मात्र ते आले नाहीत. उंधियू आला, खाकरा आला, पानिये वेशीबाहेरच राहिले.

ज्यांच्या घरी शिंदेशाही सनदा, वसुलीचे मोडी कागद वा हालोल-गोधऱ्याकडील जुना पत्रव्यवहार असेल, त्यांनी तो वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मंडळाकडे दाखवावा. मोडी वाचणारे आपल्यांत आता फार थोडे उरले आहेत.