इंजिनाचा ताप

धाकट्या भावाचा जुना छोटा ट्रॅक्टर नांगरटीत अर्ध्या तासात तापायचा, चढाला दम टाकायचा, काळा धूर ओकायचा. मिस्त्री म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." खर्च ऐकून भाऊ ट्रॅक्टर विकायलाच निघाला.

मला रुडॉल्फ डिझेल आठवला. १८९७ साली ऑग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातली जेमतेम २६ टक्के उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनांपेक्षा ते कितीतरी सरस होतं. पण उरलेली उष्णता धुरातून आणि पाण्यातून बाहेर टाकावीच लागते. म्हणून तर १९०१ च्या मर्सिडीज गाडीला मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. पोळ्याच्या छिद्रांतून वारा खेळला पाहिजे!

इंजिन थंड झाल्यावर आम्ही बघितलं. रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा गच्च बसलेला, एअर क्लीनरमधल्या तेलाचा चिखल झालेला. हवा पुरेना म्हणून डिझेल अर्धवट जळत होतं. काळा धूर त्याचाच. भुसा पंख्याच्या बाजूने पाणी मारून काढला, तेल बदललं. ट्रॅक्टर दिवसभर चालला.

औद्योगिक क्रांती शिकवताना डिझेलचं नाव फळ्यावर कितीदा लिहिलं. जाळीत मात्र सत्तरीनंतर डोकावलो. असो.