जुन्या हॉट हॅचबॅक मोटारींची इंधन कार्यक्षमता

लहान कुटुंबवापराच्या हॅचबॅक मोटारीत अधिक शक्तिशाली इंजिन, घट्ट सस्पेन्शन व प्रभावी ब्रेक बसवून तयार केलेल्या मोटारीस हॉट हॅचबॅक असे म्हणतात. या प्रकारातील १९७० ते १९९० च्या दशकांतील पेट्रोल मोटारी आजही वापरात आहेत आणि त्यांचा इंधनखर्च हा मालकांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. अशा मोटारीचे मायलेज सुधारण्याचे उपाय तीन गटांत मोडतात: झिजलेली यंत्रणा मूळ मापांवर आणणे, गतीला होणारा विरोध कमी करणे आणि चालवण्याची पद्धत बदलणे. बाजारात मिळणाऱ्या इंधनबचतीच्या जोडउपकरणांपेक्षा हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. याउलट, बचतीसाठी इंधनाचे प्रमाण मूळ मापाखाली नेल्यास इंजिनाची कायमची हानी होऊ शकते.

== पार्श्वभूमी ==

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देणारी मोटार मानली जाते. ती १९७५ मध्ये फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात सादर झाली व १९७६ मध्ये विक्रीस आली. तिच्या १,५८८ घनसेंटिमीटर इंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती, तर मोटारीचे वजन ८०० किलोग्रॅमहून थोडेच अधिक होते. त्यानंतर प्युजो २०५ जीटीआय (१९८४), रेनॉ ५ जीटी टर्बो अशा मोटारी युरोपात गाजल्या.

या मोटारींचे कमी वजन इंधनबचतीस अनुकूल आहे. त्यांच्या इतर काही गुणधर्मांमुळे मात्र इंधन अधिक लागते. वेगवृद्धीसाठी गिअरचे प्रमाण आखूड ठेवलेले असते. पाच गिअरच्या पहिल्या पिढीतील १.६ लिटर गोल्फ जीटीआयमध्ये सर्वांत वरच्या गिअरमध्येही इंजिनाच्या दर १,००० फेऱ्यांमागे ताशी सुमारे ३० किलोमीटर एवढीच गती मिळते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर गतीस इंजिन मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेते. त्या काळातील पेटीसारख्या आकारामुळे हवेचा विरोधही जास्त होतो. पहिल्या पिढीच्या गोल्फचा वायुविरोध गुणांक ०.४२ होता, दुसऱ्या पिढीत तो ०.३४ पर्यंत उतरवण्यात आला.

== मायलेजचे मापन ==

कोणताही उपाय करण्यापूर्वी सध्याचे मायलेज अचूक मोजणे आवश्यक असते. त्यासाठी टाकी पूर्ण भरून अंतराची नोंद करतात, काही दिवसांच्या नेहमीच्या वापरानंतर टाकी पुन्हा पूर्ण भरतात आणि कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागतात. ४८० किलोमीटरसाठी ४० लिटर पेट्रोल लागल्यास मायलेज लिटरला १२ किलोमीटर, म्हणजेच १०० किलोमीटरला सुमारे ८.३ लिटर होते. एका टाकीवरून निष्कर्ष काढणे योग्य नसते, कारण हवामान, रहदारी व टाकी भरण्यातील फरक यांमुळे आकडा बदलतो. तीन-चार टाक्यांची सरासरी अधिक विश्वसनीय असते.

मूळ मापापेक्षा वेगळ्या व्यासाचे टायर बसवलेले असल्यास अंतरमापक चुकीचे अंतर दाखवतो. मोठ्या व्यासाच्या टायरवर प्रत्यक्ष अंतर नोंदीपेक्षा जास्त असते, त्यामुळे मायलेज घटल्याचा भास होतो. अशा वेळी रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी नोंद पडताळून पाहता येते.

लिटरमागे किलोमीटर हे माप तुलनेसाठी काहीसे फसवे आहे. मायलेज ८ वरून १० झाल्यास १,००० किलोमीटरमागे २५ लिटर वाचतात. १६ वरून २० झाल्यास वाढीचे प्रमाण तेच असूनही केवळ १२.५ लिटर वाचतात. त्यामुळे बिघडलेल्या, अधिक इंधन पिणाऱ्या मोटारीत दुरुस्तीचा लाभ सर्वांत मोठा असतो.

== यंत्रणा मूळ मापांवर आणणे ==

=== इंधनपुरवठा ===

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग इंधनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. गोल्फ जीटीआयमधील बॉशची के-जेट्रॉनिक ही इंधन अंतःक्षेपण प्रणाली यांत्रिक आहे. आत येणाऱ्या हवेच्या जोराने एक तबकडी उचलली जाते आणि तिच्या हालचालीनुसार वितरकातून इंजेक्टरांना अखंड इंधन मिळते. या प्रणालीच्या मूळ युरोपीय आवृत्तीत धुरातील ऑक्सिजन मोजून मिश्रण आपोआप दुरुस्त करण्याची सोय नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे साचलेली लहान बिघाडांची बेरीज थेट इंधनखर्चात दिसते.

इंजिन थंड असताना मिश्रण दाट ठेवण्याचे काम वॉर्म-अप रेग्युलेटर करतो. तो अडकल्यास नियंत्रण दाब कमीच राहतो आणि इंजिन तापल्यावरही इंधन जास्त जाते. थंड इंजिन सुरू करतानाच इंधन फवारणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह गळू लागल्यासही तसाच परिणाम होतो. तबकडीच्या पुढील रबरी नळीस तडा गेला किंवा इंजेक्टरांची रबरी कडी कडक झाली, तर मोजली न गेलेली हवा आत शिरते व मिश्रण विरळ होते. हे लक्षात न घेता केवळ स्क्रू फिरवून मिश्रण दाट केल्यास मूळ दोष झाकला जातो आणि मायलेज घटते. म्हणून प्रथम हवेची गळती बंद करणे, नंतर दाब तपासणे आणि शेवटी धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजून मिश्रण जुळवणे, असा क्रम पाळला जातो.

प्युजो २०५ जीटीआयसारख्या इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाच्या मोटारींत शीतकाचे तापमान सांगणारा सेन्सर महत्त्वाचा असतो. तो नादुरुस्त झाल्यास नियंत्रकास इंजिन सदैव थंड वाटते आणि तो अधिक इंधन देत राहतो.

=== प्रज्वलन ===

ठिणगी योग्य क्षणी न पडल्यास जळालेल्या इंधनाची ऊर्जा पिस्टन ढकलण्याऐवजी धुराबरोबर उष्णतेच्या रूपाने निघून जाते. कमी भारावर मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम व्हॅक्यूम डायफ्रॅम करतो. तो फाटल्यास पूर्ण वेगात मोटार ठीक वाटते, परंतु रोजच्या संथ वापरात इंधन वाया जाते. त्यामुळे हा बिघाड अनेकदा ध्यानातच येत नाही.

या मोटारींचे संपीडन प्रमाण त्या काळाच्या मानाने उच्च होते, १.६ लिटर गोल्फ जीटीआयमध्ये ते ९.५:१ होते. उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल वापरल्यास इंजिनात ठोके बसतात व ठिणगी उशिरा पाडावी लागते. गरजेपेक्षा जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलाने मात्र अशा इंजिनास काही लाभ होत नाही.

=== शीतन, एअर फिल्टर व ब्रेक ===

थर्मोस्टॅट उघडा अडकल्यास इंजिन योग्य तापमानास पोहोचत नाही, तेल जाड राहते आणि मिश्रण दाट राहते. तापमापकाचा काटा प्रवासात नेहमीपेक्षा खाली राहणे ही त्याची खूण आहे. हा भाग स्वस्त असून त्याचा परिणाम मोठा असतो.

एअर फिल्टर चोंदल्यास कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारींचे मायलेज घटते. इंधन अंतःक्षेपण असलेल्या मोटारींत येणारी हवा मोजूनच इंधन दिले जात असल्याने त्याचा परिणाम मुख्यतः वेगवृद्धीवर होतो.

ब्रेक पूर्ण न सुटणे हेही इंधन वाया जाण्याचे कारण आहे. दुसऱ्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये मागील डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधील हँडब्रेकची यंत्रणा गंजून अडकण्याची तक्रार सर्वपरिचित आहे. जॅकवर उचललेले चाक हाताने सहज फिरत नसल्यास किंवा थोड्या प्रवासानंतर एकच चाक अधिक तापत असल्यास तपासणी आवश्यक ठरते.

== गतीला होणारा विरोध ==

हवेचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर गती ठेवल्यास हा विरोध १.४४ पट होतो व त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे १.७३ पट होते. छतावरील रिकामा सामानवाहक काढणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

टायरमधील हवा कमी असल्यास टायर अधिक दबतो व ऊर्जा उष्णतेत वाया जाते. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा लागतो. उत्पादकाच्या मर्यादेपलीकडे हवा भरणे योग्य नाही, कारण त्यामुळे रस्त्यावरील पकड व ब्रेक लागण्याची क्षमता घटते. नंतर बसवलेल्या रुंद टायरांमुळेही विरोध व वजन वाढते. पहिल्या गोल्फ जीटीआयच्या १३ इंची चाकांवर १७५ मिलिमीटर रुंदीचेच टायर होते. व्हील अलाइनमेंट बिघडलेले असल्यास टायर घासत चालतो आणि इंधनाबरोबर टायरही लवकर संपतो.

== चालवण्याची पद्धत ==

पेट्रोल इंजिनाची शक्ती थ्रॉटलने हवा अडवून नियंत्रित केली जाते. इंजिन वेगात फिरत असून थ्रॉटल जेमतेम उघडा असेल, तर हवा ओढण्यातच बरीच ऊर्जा खर्च होते. म्हणून वेळेवर वरचा गिअर टाकून थ्रॉटल थोडा अधिक उघडणे हे खालच्या गिअरमध्ये जोरात फिरणाऱ्या इंजिनापेक्षा किफायतशीर असते. मात्र इंजिन धापा टाकेल इतक्या कमी फेऱ्यांवर जोर देऊ नये. पुढील रहदारी पाहून आधीच ॲक्सिलरेटर सोडल्यास ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा वाचते. उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडणे धोकादायक आहे, कारण काही वेळा ब्रेक दाबल्यावर त्यांना मिळणारे व्हॅक्यूमचे साहाय्य संपते व स्टिअरिंगला कुलूप लागण्याचाही संभव असतो.

इंजिन थंड असताना इंधन सर्वाधिक लागते. उभ्या मोटारीत इंजिन तापवत ठेवण्यापेक्षा तेलाचा दाब आल्यावर हळुवार गतीने निघणे योग्य मानले जाते. लहान-लहान फेऱ्या एकत्र केल्यासही बचत होते.

== फेरबदल व जोडउपकरणे ==

लांब प्रमाणाचा पाचवा गिअर बसवणे हा महामार्गावर उपयोगी पडणारा यांत्रिक फेरबदल आहे. त्याचा खर्च वाचलेल्या पेट्रोलातून भरून निघण्यास मोठे अंतर कापावे लागते. तीव्र कॅमशाफ्टमुळे उच्च फेऱ्यांवर शक्ती वाढते, परंतु कमी फेऱ्यांवरील कार्यक्षमता घटते. आधीच्या मालकाने केलेले असे बदल मूळ स्थितीत आणणे हाही मायलेज सुधारण्याचा मार्ग आहे.

इंधननळीवर बसवायची चुंबके, हवेत भोवरा निर्माण करणारी पाती व तत्सम उपकरणांची जाहिरात सातत्याने होत असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक उपकरणांचे मूल्यमापन केले असून मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे उपकरण तिला आढळले नाही.

मिश्रण मुद्दाम विरळ करणे हा घातक उपाय आहे. जास्त भाराखाली विरळ मिश्रणामुळे ज्वलनकक्षातील तापमान वाढते, ठोके बसतात आणि निकास व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळू शकतो. इंजिन पुन्हा बांधण्याच्या खर्चापुढे वाचलेले पेट्रोल नगण्य ठरते.

== इथेनॉलमिश्रित पेट्रोल ==

इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे १० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनात दर लिटरमागे ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी, तर २० टक्के असलेल्या इंधनात सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले. ५ टक्क्यांपर्यंतचे पेट्रोल उच्च ऑक्टेनच्या प्रकारात उपलब्ध राहिले. ज्या प्रणाली मिश्रण आपोआप दुरुस्त करत नाहीत, त्यांत इथेनॉलमुळे मिश्रण विरळ होते. जुन्या रबरी नळ्या व कड्यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून मिश्रण पुन्हा तपासून घेतले जाते.

== भारतातील स्थिती ==

भारतात हॉट हॅचबॅक हा प्रकार उशिरा रुजला. २००१ मध्ये बाजारात आलेल्या फियाट पालियोची १.६ लिटर जीटीएक्स ही आवृत्ती या प्रकारातील सुरुवातीच्या भारतीय मोटारींपैकी होती. पालियोचे उत्पादन तेव्हा मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात होत असे. सुमारे १०० अश्वशक्तीच्या या मोटारीची वेगासाठी प्रशंसा झाली, तर इंधनखर्चावर टीका झाली.

खासगी मोटारीची नोंदणी भारतात १५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते, तसेच प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही आवश्यक असते. दाट मिश्रण, चुकणारी ठिणगी व हवेची गळती हे मायलेज घटवणारे दोष धुराच्या तपासणीतही दिसतात. त्यामुळे अशा मोटारीची योग्य जुळणी ही इंधनबचतीइतकीच ती रस्त्यावर कायदेशीररीत्या टिकवण्यासाठीही उपयुक्त ठरते. देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल प्रचलित झाले आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ इथेनॉलविरहित इंधनासाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज या इंधनावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. जुन्या मोटारीचे मायलेज तपासताना ही घट यांत्रिक बिघाडापासून वेगळी ओळखणे आवश्यक असते.