तारू भरकटतं तेव्हा

समुद्र वाईपासून दूर, सह्याद्रीपलीकडे. तरी घाटावर बसून आपण सहज म्हणतो, ‘पोरगं भरकटलं.’ कृष्णेत नाव वाहवली, तरी दोन्ही काठ दिसतात, ढोल्या गणपतीचं शिखर दिसतं. भर समुद्रात अशी खूणच नसते. गोंधळलेला माणूस ‘समुद्रात आहे’ असं इंग्रज म्हणतात, ते त्यामुळेच. रेखांश काढण्यासाठी जॉन हॅरिसननं केलेलं घड्याळ 1761 मध्ये जहाजावर तपासायला निघालं. तोवर पूर्व-पश्चिम किती आलो, याचा तरबेज कप्तानही अंदाजच बांधी. मंडळी, भरकटलेलं तारू थांबलेलं नसतं. आपण कुठं आहोत, हे त्याला कळत नसतं. म्हणून मी म्हणेन, पोरावर ओरडण्याआधी त्याला काठ दाखवा.